जानकीला रंग धरत नाही

हॅलो? … हॅलो, कोण? … हां निमेशभाई, बोला, बोला. कल्पिताच बोलतेय. … नाही हो, गर्दी कुठली, श्रावण चाललाय. अर्धी बोरिवली दोडका खातेय. मी आणि ही बाजूची माधुरी, दोघी पाट्या मांडून माश्या मारत बसलोय. … हो. झाली ना गाडी? मी टेम्पोवाल्याला आत्ताच फोन करणार… काय? … परत बोला, इथे बर्फ फोडतायत. … रंगाचं काय झालं?

… फुटला.

… थांबा. कान बदलते. … हां. आता सावकाश बोला. फुटला म्हणजे काय झालं?

… फोड आलेत. कुठे? … बॉनेटवर. … आणि दरवाज्यावर. … दोन्ही दरवाज्यांवर. … आणि मागच्या बाजूला. मग सरळ सांगा ना, राहिलंय कुठे? काचेला नाही ना आले फोड?

नाही, मी शांतच आहे. मी एकदम शांत आहे. निमेशभाई, ही कितवी वेळ? … नाही, तुम्हीच बोला. तुमच्या तोंडून ऐकू दे. … तिसरी. शिमग्याच्या आधी पहिला रंग फुटला, तेव्हा म्हणालात हवा दमट आहे. मी म्हटलं, असेल, अंधेरीची हवा वेगळी असेल. मग मे महिन्यात फुटला, तेव्हा प्रायमरचा डबाच खराब निघाला. मी म्हटलं, निघतो कधी कधी, आमच्यात पण एखादी पेटी खराब निघते. आता या वेळी कोण खराब निघालं?

… ओ ताई, बोंबील आजचेच आहेत. दाबून काय बघताय, तो आंबा आहे का? … तुम्हाला नाही हो निमेशभाई, गिऱ्हाईकाला बोलतेय. … हां, बोला.

… पुनवेपर्यंत जमणार नाही. हे तुम्ही आज सांगताय. नारळी पुनवेला बारा दिवस राहिले असताना. मी आमच्या अख्ख्या मढ गावाला सांगून बसलेय की या वर्षी सोन्याचा नारळ जानकीतून निघणार. बँडवाल्याला सुपारी दिलीय. बाबा नारळ मांडीवर घेऊन बसणार, आणि गाडीला दोनच सीट, तर दुसरीवर, चालवायला कोण बसणार, यावरून घरात भांडणं झालीत. माझा भाऊ विकी आणि त्याची बायको चार दिवस एकमेकांशी बोलत नाहीयेत. आणि तुम्ही म्हणता जमणार नाही.

… समजून काय घेऊ? पाच वर्षं समजूनच घेतेय. पत्रा सडलाय. बरं, बदला. चाकांच्या तारा मिळत नाहीत. बरं, शोधा. चाकांना तारा असलेली गाडी बापाने का घेतली म्हणून मी बापालाच बोलून घेतलं. मग कार्बोरेटर विलायतेतून आणायला लागेल. आणला. माझ्या आईच्या पाटल्या आहेत त्या कार्बोरेटरात, माहितेय ना? सगुणाबाईच्या पाटल्या. ती आज असती तर तिने तुम्हाला कोयत्याखाली घेतलं असतं. मी निदान फोनवर घेतेय.

विकी तर पहिल्यापासून म्हणतोय, भंगारात घाल. नाहीतर त्या जुहूच्या हॉटेलवाल्याला दे, दारात शोभेला उभी करेल, फोटो काढतील लोक. मीच नाही म्हटलं. मीच म्हटलं, निमेशभाई करेल, जुन्या गाड्यांत त्याचं नाव आहे. काय खाऊन नाव घेतात लोक, देवाला ठाऊक.

… काय? … कसला वास?

… नाही, परत बोला. माधुरी, तू पण ऐक गं. … गाडीला मासळीचा वास येतो.

हे बघा निमेशभाई. मागच्या वेळी तुम्ही मांजरींचं बोललात, मी गप्प बसले. गाडीवर मांजरी येऊन बसतात, बॉनेट चाटतात, हाकललं तरी जात नाहीत. मी म्हटलं जाऊ दे, माणूस दमलाय, काहीही बोलतोय. आज वास. मासळीवालीची गाडी म्हणून वास, असंच ना? भाड्याने फ्लॅट बघायला गेलं की हेच ऐकायचं, आता गॅरेजमध्ये पण हेच? पाच वर्षं माझ्या नोटा घेतल्यात, त्यांना कधी वास नाही आला? त्या तर बर्फाच्या पेटीवर बसून मोजलेल्या असतात.

… तसं म्हणायचं नाही. मग कसं म्हणायचंय? … तेल? कसलं तेल? … रंगाच्या खाली तेल आहे. … कोणीतरी पत्र्याला तेल चोळलंय म्हणून रंग धरत नाही. हां. मग तो तुमचाच रंगारी असणार. चंद्रप्रकाश. वडापाव खाल्ला असेल आणि हात पुसले असतील. … एवढं नाही लागत? कोपऱ्या-कोपऱ्यात चोळलंय? … तीन वेळा? म्हणजे गॅरेज तुमचं, कुलूप तुमचं, वॉचमन तुमचा आणि माझ्या गाडीला भूत येऊन मालिश करून जातं. तेही बरोबर रंगाच्या आदल्या दिवशी. … हे बघ निमेश, आता मी तुला अरे-तुरेच करते. मला शेंडी लावायची नाही. मी रोज शंभर माणसांशी भाव करते. खोटं बोलणाऱ्याचा आवाज मला पाटीच्या पलीकडून कळतो.

… मी एवढी का चिडते? ऐकायचंय? ऐक मग. बाबांचे डोळे चाललेत. … काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं दिवाळीपर्यंत टिकेल, पुढचं सांगता येत नाही. … नाही सांगितलं तुला. कशाला सांगू? मला कोणाकडून अरेरे ऐकून घ्यायचं नव्हतं. मला गाडी हवी होती. लाल. होती तशीच लाल. या पुनवेला त्या माणसाने एकदा ती डोळे भरून बघायची होती. बस. पुढच्या पुनवेला ती लाल असली काय नि पिवळी असली काय, त्याला काय उपयोग? एवढ्यासाठी माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू मला मांजरी सांगतोस.

… काय ताई? … शंभरला सहा. … सात नाही जमत. … बरं घ्या, आठ घ्या, आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

… हां, बोल. … कॅमेरा? … आज बघितलास. पाच वर्षांत पहिल्यांदा. धन्य आहे. मग, कोण दिसला? … म्हातारा माणूस. … दुपारी येतो, तू घरी जेवायला जातोस तेव्हा. … कोण म्हातारा? वॉचमनने सोडला कसा? … कसा दिसतो, ते सांग ना, असं चाचरतोस काय. … लुंगी गुडघ्यावर खोचलेली. … हातात काठी. … खांद्याला पिशवी. कसली पिशवी? … पिशवीवर काहीतरी लिहिलेलं असेल ना. … 'दिशा ज्वेलर्स'.

…

… त्याच दुकानात आईच्या पाटल्या मोडल्या. पिशवी मीच बाबांना दिली. औषधं ठेवायला.

… नाही, तुझं काहीतरी चुकतंय. बाबा मढला असतात. दिसत नाही त्यांना नीट. मढहून तरीत बसायचं, खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरायचं, पुढे रिक्षा करून तुझ्याकडे… नाही जमणार त्यांना. ते वर्सोव्याला नंदूकाकांकडे जातात पत्ते खेळायला. विकी तरीपर्यंत सोडतो. मंगळवारी आणि शुक्रवारी. … तुझ्या कॅमेऱ्यात कुठला वार आहे?

… हं.

… तू ओळखलं होतंस. फोन लावायच्या आधीच ओळखलं होतंस. मग एवढा वेळ शिव्या का खाल्ल्यास माझ्या? … कसं सांगायचं कळत नव्हतं. अरे, कसं सांगायचं म्हणजे काय, 'तुमचा बाप आहे' असं सांगायचं. उगाच त्या चंद्रप्रकाशला बोलून बसले मी. … काय, त्याला माहीत होतं? … बाबा त्याला सुके बोंबील आणून देतात. वा. … आणि तो काय म्हणतो? … 'मालिक है, अपनी गाडी है, मैं कौन रोकनेवाला?' वा रे वा. बोंबील खाऊन वर तत्त्वज्ञान. आणि तुझ्या गॅरेजमध्ये देवाचा फोटो, अगरबत्ती, तिथे हा बोंबील ठेवतो कुठे? … थिनरच्या रिकाम्या डब्यात. बरोबर आहे, तू तिथे नाक घालणार नाहीस.

… नाही, मी हसत नाहीये. मला राग आलाय. बाबा लावतात काय पण? … फडक्याने. बाटलीतलं. … काळपट. घट्ट. आणि वास असा की… नको सांगूस. कळलं मला.

मुशीचं तेल आहे ते.

… मुशी. मासा असतो, छोटा शार्क म्हण. त्याचं काळीज उकळून तेल काढतात. होडीला लावायला. आमच्यात पुनवेच्या आधी होडी घासायची, साफ करायची आणि तिला तेल पाजायचं, लाकडाला. मग दर्याला नारळ द्यायचा, मग होडी पाण्यात. … आता नाही करत कोणी. आता फायबरच्या होड्या आल्या, वर डब्यातला रंग. म्हाताऱ्यांनाच माहिती हे सगळं. … नाही रे, लोखंडाला नाही लावत. होडीला लावतात, सांगतेय ना.

… कुठून आणतात म्हणजे?

… माधुरी, जरा माझ्या पाटीकडे बघ गं. मी मागे जाते.

… हां. हॅलो. आहेस? … मी देते ते तेल.

मी देते, निमेश. मीच काढते. बाबा म्हणाले, कल्पी, गुडघे धरलेत, मुशीचं तेल असलं तर दे. शिमग्याच्या आधी एक बाटली दिली. एप्रिलमध्ये एक. आणि गेल्या महिन्यात दोन दिल्या, म्हटलं पावसाळ्यात गुडघे जास्त दुखतात. घरी गॅसवर काळजं उकळत होते, अख्खी बिल्डिंग नाक धरून बसली. सेक्रेटरी वर आला. त्याला मी दारातून असा पिटाळला की तो आता लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढत नाही. म्हटलं, माझ्या बापाच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. आणि गुडघ्यांना एक थेंब लागलेला नाही. सगळं तुझ्या पत्र्याला. तुझे तीन रंग मी फोडले. शिव्या तुला घातल्या आणि बाटल्या मी भरून दिल्या.

… हसलास. ऐकलं मी. … हस, हस, तुझा हक्क आहे आज.

… नाही. वेड नाही लागलं त्यांना. वयाचं काही नाही. तसं बोलू नकोस हां, मी अजून रागातच आहे. राग कोणावर आहे ते मला कळत नाहीये एवढंच.

ऐक. जानकी ही आधी होडी होती. … गाडी नाही रे, होडी. माझ्या आजीचं नाव दिलं होतं तिला. मी जन्मले त्या वर्षी मढला शूटिंगवाले आले, त्यांना समुद्रातल्या मारामारीसाठी होडी हवी होती. आमची वर ओढलेली, उन्हात सुकत पडलेली. बाबा म्हणाले, दोन दिवस द्या, कोरडी आहे, तेल पाजतो. ते म्हणाले, हिरोइनची तारीख आजचीच आहे, आणि काम काय, दोन तासांचं. बाबांनी घातली पाण्यात. तिच्यावर चढली पंधरा माणसं, वर त्यांचा जनरेटर. फळ्यांचे सांधे उघडले. … नाही, माणसं सगळी वाचली. बाबांनी आणि नंदूकाकांनी ओढून काढली एकेकाला. जानकी गेली.

प्रोड्यूसरकडे पैसे होते कुठे? त्याने पिक्चरमधली गाडी दिली. विलायती, दोन सीटची, लाल, वरचं छप्पर उघडणारी. कोळ्याला. होडीच्या बदल्यात. सगळं गाव हसलं. बाबांना म्हणे, हरेश्वर आता रस्त्यावर जाळं टाकणार. बाबांनी गाडीच्या मागे ब्रशने 'जानकी' लिहिलं आणि आईला शेजारी बसवलं. आई मांडीवर पाटी घेऊन मालाडच्या बाजाराला यायची त्या गाडीतून, लोक मासळी सोडून तिला बघायचे. पुढे गावात लग्न कोणाचंही असो, नवरी जानकीतूनच. मी पण.

… हो ना, तुला पण सांगितली असणार. सगळ्यांना हसवत सांगतात. पण अगदी शेवटी एक वाक्य हळू बोलतात, ते ऐकलंस कधी? … 'चूक माझी. कोरडी घातली.' दर वेळी. मी लहानपणापासून ऐकतेय. मला वाटायचं, गोष्ट संपली की माणूस काहीतरी बोलतो तसं बोलतात. पंचेचाळीस वर्षं तो माणूस एकच गोष्ट सांगतोय आणि मी लाल रंगाचा नंबर शोधत बसले.

… हं. … वॉचमनला सांगतोस, दहा दिवस आत सोडू नको. … हो. बरोबर आहे. तसंच कर. तेवढ्यात खरवड, थिनरने धू, एक हात मार. लांबून लाल दिसली तरी पुरे. मी विकीला पण सांगते, बाबांना तरीत चढू देऊ नको, काहीतरी कारण सांग…

… थांब. नको, निमेश. नको अडवूस.

… कारण लाल त्यांना कुठे हवंय? लाल मला हवंय. रविवारी गेले होते मी मढला. विचारलं, बाबा, साडी कुठल्या रंगाची आहे सांग. म्हटलं बघू किती दिसतंय. त्यांनी पदर हातात घेतला, चाचपला आणि म्हणाले, रंग राहू दे, काठ जुना आहे, आईचा आहे. बरोबर होतं. ते हाताने बघतात रे आता. तुझ्या कॅमेऱ्यात फडकं फिरवताना दिसतात ना, ते बघतच असतात गाडी. मी इथे दिवाळी मोजत बसलेय आणि ते आठवड्यातून दोन वेळा जाऊन तिला बघून येतात. मला न विचारता. मला वाईट वाटेल म्हणून गुडघ्यांचं निमित्त सांगून.

मी काय सांगते ते ऐक. रंग लावूच नकोस. … हो, शुद्धीत आहे मी. लावलाय तेवढा सगळा खरवडून काढ. पत्रा उघडा कर. … गंज चढेल तर शेवटच्या दोन दिवसांत काढ, तुला कळतं त्यातलं, मला विचारू नकोस. पुनव झाली की मग तुझा रंग आणि तू, काय घालायचा तो गोंधळ घाला. पण पुनवेला जानकी तशीच निघेल. उघडी. तेल लावून. … लोक काय म्हणतील? हसतील. तेव्हा पण हसले होते. … मांजरी मागून येतील, येऊ दे, मिरवणूक मोठी दिसेल.

… आणि माझा राग गेला असं समजू नकोस हां. पाच वर्षं लागतात का रे एका गाडीला? ते मी सोडलेलं नाही. पुनव होऊ दे, मग येते तुझ्याकडे. आणि त्या चंद्रप्रकाशला सांग, बोंबील हवेत तर माझ्याकडे माग, दिसत नसलेल्या माणसाला तरीत चढायला लावू नको. … काय? … मागितले नव्हते, बाबाच आणतात. बरं. मग काही बोलू नको त्याला.

… काय म्हणालास? … आत्ता?

… हो. मंगळवार आहे आज. माझ्या लक्षातच नाही. म्हणून तू जेवायला घरी गेला नाहीस. … गाडीजवळ बसलेत. … त्यांना कळलंय का, तू कोणाशी बोलतोयस? … नको. नको देऊस फोन. मी काय बोलू? … नको, घाबरतील.

… दे. दे त्यांना.

… हॅलो? बाबा? … हां, मीच. … नाही रे, ओरडत नव्हते. बाजारात मोठ्याने बोलायला लागतं. … तू तिकडे कसा? … सहज. बरं. … नंदूकाका हरला आणि डाव मोडून उठला. बरं. … जेवलास? … काय? … चंद्रप्रकाशच्या डब्यातलं. बरं.

… हो, सांगितलं निमेशने. रंग फुटला. … रंगच खराब निघाला म्हणतो. … हो ना, विलायती डब्यांचा काही भरवसा नाही. … निघणार, पुनवेला निघणार, त्याची काळजी तू करू नकोस. … गुडघे कसे आहेत? … बरे आहेत. … तेलाने फरक पडला. … हो, पडणारच. … किती उरलंय? … तळाशी.

… उद्या धक्क्यावरून मुशी येते. काढते मी. चार बाटल्या काढते. … दोन नाही पुरणार, चार लागतील. … मला माहितेय किती लागतं ते.

… आणि बाबा. वरवर लावू नकोस. खालून लाव. जिथे पत्रे जोडलेत तिथे दोनदा लाव.

… हॅलो?

… बाबा, आहेस ना?

… हो. … नाही, चिडले नाही. … हो बाबा. कोरडी नाही घालायची. … ठेवते.